छोट्या देशाची सुरक्षा तासांत मोजावी लागते: मालदीवच्या निमित्ताने

प्रश्न असा आहे: पाच लाख वस्तीच्या मालदीववर चाल करून कोण येणार आहे, की त्याला संरक्षणाची एवढी चिंता पडावी? आणि अडीअडचणीला भारत धावून जात असताना तिथली सरकारे मधूनमधून चीनकडे का वळतात?

चाल करून येणारे सैन्य ही अशा देशाची चिंता नसतेच. त्याची चिंता अशी असते की संकट आले तर पहिली मदत किती तासांत पोहोचेल, ती कोणाच्या परवानगीने येईल आणि काम संपल्यावर परत जाईल का. मोठ्या देशांच्या धोरणाची भाषा, म्हणजे संतुलन, अक्ष, प्रभावक्षेत्र वगैरे, इथे फारशी उपयोगाची नाही.

आधी आकार नीट समजून घेऊ. मालदीवची सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे 300 चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मी. ती सुमारे 1,190 बेटांमध्ये विखुरलेली आहे आणि त्यातल्या दोनशेपेक्षा कमी बेटांवर कायमची वस्ती आहे. उत्तर-दक्षिण पसारा 800 किलोमीटरहून जास्त. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 5 लाख 15 हजार होती आणि त्यात सव्वा लाखाहून अधिक परदेशी. मात्र ज्या समुद्रावर या देशाचा आर्थिक हक्क चालतो तो सुमारे 9 लाख चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट. उत्तरेला लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयच्या बाजूची आठ अंशांची खाडी आणि दक्षिणेला दीड अंशाची खाडी, या दोन्हींतून आखातापासून पूर्व आशियाकडे जाणारी जहाजे ये-जा करतात. जमीन मूठभर, समुद्र अफाट आणि रस्ता मोक्याचा. दुखणे एवढ्यातच आले.

3 नोव्हेंबर 1988 चा दिवस पाहा. श्रीलंकेतल्या 'प्लोट' या तमिळ संघटनेचे ऐंशीच्या आसपास भाडोत्री बंदूकधारी पहाटे बोटींतून राजधानी मालेत उतरले. त्यांना आणणारा अब्दुल्ला लुथुफी हा मालदीवचाच व्यापारी. देशाकडे सैन्य म्हणावे असे काही नव्हते, होते ते राष्ट्रीय सुरक्षा सेवा नावाचे छोटे दल. राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम लपून राहिले आणि त्यांच्या सरकारने भारतासह अनेक देशांकडे मदत मागितली. आग्र्याहून पॅराशूट ब्रिगेडचे जवान घेऊन आयएल-76 विमाने अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरली. बंडखोर ओलिसांना घेऊन 'प्रोग्रेस लाइट' या जहाजातून पळाले, त्यांना 'गोदावरी' आणि 'बेतवा' या युद्धनौकांनी समुद्रात गाठले.

ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. त्यातले दोन तपशील मात्र सुटतात आणि धोरणाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. पहिला म्हणजे विमानतळ वेगळ्या बेटावर होता आणि हल्लेखोरांना तो ताब्यात घेता आला नाही. धावपट्टी मोकळी राहिली म्हणून बाकीचे सगळे जमले. ती अडवली असती तर जहाजे पोहोचेपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, सरकार टिकले असते का, हा प्रश्नच आहे. दुसरा तपशील असा की भारताचे मालेतले उच्चायुक्त त्या दिवशी दिल्लीत होते आणि ते जवानांबरोबर विमानात बसले. कुठली इमारत कुठे, धक्का कोणत्या बाजूला, हे सांगणारा माणूस जवळ होता. ऑगस्ट 2018 मध्ये चीनच्या मदतीने माले आणि हुलहुले यांना जोडणारा पूल सुरू झाला, तेव्हा हे गणितही बदलले. 1988 साली जवानांना विमानतळावरून मालेत जायला बोटी मिळवाव्या लागल्या होत्या. पुलामुळे मदत लवकर पोहोचते, तसा हल्लेखोरही लवकर पोहोचतो. त्यामुळे अशा देशाच्या संरक्षण आराखड्यात पहिली ओळ असावी ती धावपट्टी आणि इंधनाच्या टाक्या कशा राखायच्या याची.

त्या घटनेनंतर मालदीवने दोन गोष्टी केल्या. एक, आपले दल वाढवले. 2006 पासून त्याचे नाव मालदीव राष्ट्रीय संरक्षण दल असे आहे. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 1989 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत छोट्या राष्ट्रांचे संरक्षण आणि सुरक्षितता या विषयावरचा ठराव मालदीवने पुढे आणला आणि तो 44/51 या क्रमांकाने संमत झाला. ठरावाने गोळी अडत नाही हे खरेच. पण भाडोत्री टोळ्यांनी छोटे सरकार उलथवणे हा त्या देशाचा खासगी मामला नाही, हे कागदावर आले की मदतीला येणाऱ्यालाही कायद्याचा आधार मिळतो. छोट्या देशाला कायद्याचा आधार बंदुकीपेक्षा स्वस्त पडतो.

आता रोजच्या कामाकडे येऊ, म्हणजे समुद्रावरच्या पहाऱ्याकडे. ढोबळ हिशेब करून पाहा. गस्ती नौका 12 नॉट म्हणजे ताशी साधारण 22 किलोमीटर वेगाने जाते आणि तिच्या रडारला दोन्ही बाजू मिळून 40 किलोमीटरचा पट्टा दिसतो असे धरले, तर तासाला 880 चौरस किलोमीटर पाहून होतात. 9 लाख चौरस किलोमीटर एकदा पाहायला हजाराहून अधिक तास, म्हणजे न थांबता बेचाळीस दिवस. तेच काम ताशी 330 किलोमीटर वेगाचे आणि दीडशे किलोमीटर रुंद पट्टा पाहणारे टेहळणी विमान अठरा-वीस तासांत करते, म्हणजे पाच-पाच तासांच्या चार फेऱ्या. भारताने 2020 मध्ये दिलेल्या एका डॉर्नियर विमानावरून एवढे राजकारण का झाले, ते या आकड्यांवरून कळेल. अशा एका विमानाने देशाला आपला समुद्र पहिल्यांदा पुरता दिसू लागतो. आणि ज्याच्या हातात ते विमान, त्यालाही तो तितकाच दिसतो.

इथूनच करारांचा विषय सुरू होतो, आणि छोटे देश सर्वांत जास्त ठेचकाळतात ते इथेच. परदेशाने विमान, नौका किंवा रडार देऊ केले की समारंभ आधी होतो आणि कलमे नंतर वाचली जातात. खरे तर स्वीकारण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी हव्यात. मालकी कोणाची: देणगी, भाडेपट्टा की केवळ वापराची परवानगी? उड्डाणाचा हुकूम कोण देणार, आणि यजमान देशाने नको म्हटले तर विमान जमिनीवर राहील हे स्पष्ट लिहिले आहे का? परदेशी चमूने स्थानिक कायदा मोडला तर खटला कोणाच्या न्यायालयात चालेल? हत्यारे असतील का? टेहळणीत गोळा झालेली माहिती आधी कोणाकडे जाईल आणि परदेशी चमू तिची प्रत ठेवू शकेल का? सुटे भाग आणि मोठी दुरुस्ती कुठे, कोणाच्या खर्चाने? मुदत किती, आणि करार मोडायचा तर किती महिन्यांची सूचना? आणि शेवटचे, जे हमखास राहून जाते: आपल्या माणसांना हे यंत्र चालवता येईल असे प्रशिक्षण किती वर्षांत पूर्ण होणार?

हे शेवटचे कलम ढिले राहिले तर काय होते ते मालदीवने अनुभवले. भारताने अड्डूतील गान आणि लामूतील कद्धू इथे ध्रुव हेलिकॉप्टरे ठेवली होती, डॉर्नियर उत्तरेला हनिमाधूला. दूरच्या बेटावरचा रुग्ण मालेच्या रुग्णालयात आणणे हे त्यांचे मुख्य काम, आणि ते त्यांनी शेकडो वेळा केले. 2018 मध्ये अब्दुल्ला यामीन यांच्या सरकारने हेलिकॉप्टरांची मुदत वाढवायला नकार दिला, तर इब्राहिम सोलिह यांच्या सरकारने ती वाढवली. मग 'इंडिया आउट' ही मोहीम उभी राहिली, 2023 च्या निवडणुकीत मोहम्मद मुइझ्झू निवडून आले आणि 10 मे 2024 पर्यंत भारतीय सैनिक परत गेले. त्यानंतर दोनच दिवसांत मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितले की ही तीन विमाने चालवू शकतील असे वैमानिक आपल्या दलाकडे नाहीत. सैनिकांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ आले. त्यांचा गणवेश गेला एवढाच काय तो बदल.

या सगळ्यात तिथल्या जनतेची चूक होती असे मी मानत नाही. उथुरु थिला फल्हू बेटावरचा, भारताच्या मदतीचा तटरक्षक दलाचा धक्का असो की हेलिकॉप्टरे, करारांतली कलमे संसदेपासूनही लांब ठेवली गेली होती. आपल्या भूमीवर दुसऱ्या देशाचे गणवेशधारी किती आणि कशासाठी आहेत, हे नागरिकाला सरकारी कागदातून कळले नाही तर त्याला ते अफवेतून कळते. विमाने चालवणाऱ्या ऐंशीच्या आसपास भारतीय माणसांचा त्यामुळे लोकांच्या नजरेत लष्करी तळ झाला. गोपनीयता ज्या भागाला लागते, म्हणजे रडारची क्षमता, संकेतलिपी, गस्तीच्या वेळा, तेवढा भाग परिशिष्टात ठेवून बाकीचा करार संसदेच्या पटलावर ठेवता येतो. देणाऱ्या मोठ्या देशानेच तसा आग्रह धरावा, कारण गुप्त कराराची किंमत पुढच्या निवडणुकीत त्यालाच मोजावी लागते.

शब्दाची किंमत हा याच विषयाचा दुसरा पैलू. 2010 मध्ये मालेचा विमानतळ जीएमआर या भारतीय कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाला चालवायला दिला गेला. प्रवाशांकडून 25 डॉलर विकास शुल्क घ्यायचे ठरले होते, पण तिथल्या न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये ते अडवले. 2012 च्या अखेरीस सरकारने करारच रद्द केला. लवादाने भरपाई ठरवली आणि 2016 मध्ये मालदीवने सुमारे 27 कोटी डॉलर मोजले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हे सुमारे 6 टक्के होतात. शुल्काला कायद्याचा आधार आहे का, हे सहीच्या आधी संसदेत तपासले असते तर एवढी रक्कम वाचण्याचा संभव होता. मोठा देश अशा चुका पचवतो. छोट्या देशाच्या मात्र दोन-तीन वर्षांच्या रुग्णालयांचा आणि धक्क्यांचा पैसा त्यात जातो.

आता डॉलर. मालदीवमध्ये भात पिकत नाही, डिझेल निघत नाही, वीज बव्हंशी डिझेलवर आणि मालेचे पिण्याचे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून. 4 डिसेंबर 2014 रोजी तिथल्या पाणी-प्रकल्पात आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमाने बाटलीबंद पाणी घेऊन उतरली, मागून 'सुकन्या' आणि 'दीपक' या नौका आल्या. चीनकडूनही मदत पोहोचली. पण पहिले काही तास भूगोलाचेच असतात: तिरुवनंतपुरम ते माले अंतर सुमारे 600 किलोमीटर आहे. 20 जानेवारी 2021 रोजी पुण्यात तयार झालेल्या कोविशिल्डच्या 1 लाख मात्रा मुंबई विमानतळावरून थेट मालेला गेल्या, त्याही याच जवळिकीमुळे लगोलग पोहोचल्या.

म्हणून तिजोरीतले परकीय चलन हीच इथली पहिली संरक्षणफळी. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वापरता येण्याजोगे परकीय चलन जेमतेम 5 कोटी डॉलरच्या आसपास आले, सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 110 टक्क्यांवर होते आणि सुकुक या इस्लामी पद्धतीच्या रोख्यांवरची रक्कम ऑक्टोबरमध्ये द्यायची होती. ती चुकली असती तर डिझेल-धान्याच्या आयातीची हमीपत्रे अडली असती, आणि मग हल्ल्याची गरजच उरली नसती. ऑक्टोबर 2024 मध्ये मुइझ्झू दिल्लीला आले आणि भारताने 40 कोटी डॉलर अधिक 3,000 कोटी रुपयांची चलन-अदलाबदल देऊ केली. जुलै 2025 मध्ये 4,850 कोटी रुपयांचे नवे कर्ज ठरले, ते रुपयांत, आणि आधीच्या डॉलरमधल्या कर्जाचा वार्षिक हप्ता 5.1 कोटींवरून 2.9 कोटी डॉलरवर आला. रुपयातले कर्ज हा तपशील साधा वाटतो, पण भारतातून येणाऱ्या मालाचे पैसे रुपयांत देता आले की दुर्मीळ डॉलर डिझेलसाठी उरतो.

कर्जाबाबत एक इशारा. अर्थसंकल्पात दिसते ते कर्ज कमी धोक्याचे. सरकारी कंपन्यांना घरे, धक्के, विमानतळ बांधायला सरकारने दिलेल्या हमीकडे लक्ष ठेवावे लागते. कंपनी हप्ते भरते तोवर हमी कुठल्याच खात्यात दिसत नाही. ज्या दिवशी हप्ता थकतो, त्या दिवशी ती एकदम सरकारचे कर्ज बनून समोर उभी राहते, आणि समोरची बँक दुसऱ्या देशाच्या सरकारची असेल तर ती वाटाघाट परराष्ट्र धोरणाचीच होते. अशा प्रत्येक हमीची यादी दरवर्षी छापणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग चीनकडे का वळतात? मुख्यतः तीन कारणे. एकाच शेजाऱ्यावर विसंबलेल्याला त्या शेजाऱ्याशी घासाघीस करता येत नाही. पूल, घरे, धावपट्टी यांसारखी डोळ्यांना दिसणारी कामे चीन मोठ्या आकारात आणि वेगाने करून देतो. आणि घरच्या राजकारणात शेजाऱ्यावर टीका करून मते मिळतात, लांबच्यावर करून मिळत नाहीत. चीनचा मालेतला दूतावास 2011 साली उघडला, मुक्त व्यापार करार डिसेंबर 2017 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू आहे. यात वावगे काही नाही. चूक होते ती मोठ्यांच्या भांडणात उगाच पडल्याने. जून 2017 मध्ये सौदी अरेबियाच्या बाजूने मालदीवने कतारशी संबंध तोडले, त्याआधीच्या वर्षी इराणशी. 2016 मध्येच राष्ट्रकुल सोडले आणि 2020 मध्ये परत गेले. राष्ट्रकुलाने न्यू यॉर्क आणि जिनिव्हा इथे छोट्या देशांसाठी सामायिक कचेऱ्या ठेवल्या आहेत. मूठभर मुत्सद्दी असलेल्या देशासाठी अशी स्वस्त जागा सोडणे म्हणजे स्वतःचेच कान बंद करणे.

कायद्याचे काम मन लावून केले तर काय मिळते, तेही पाहू. मॉरिशसशी चागोस बेटांच्या बाजूच्या समुद्रसीमेचा वाद आंतरराष्ट्रीय समुद्री कायदा न्यायाधिकरणाच्या विशेष पीठापुढे गेला. 28 एप्रिल 2023 च्या निकालात वादातल्या भागापैकी सुमारे 47 हजार चौरस किलोमीटर मालदीवला आणि 45 हजार मॉरिशसला मिळाले. एकही नौका न हलवता एवढा समुद्र कायमचा निश्चित झाला. तरीही त्यावरून मालेत राजकीय वाद पेटला, कारण आमसभेत चागोसच्या प्रश्नावर मॉरिशसच्या बाजूने मत द्यायची भूमिका सोलिह सरकारने लोकांना नीट समजावलीच नव्हती.

धोका घरातूनही येतो हे विसरून चालत नाही. सप्टेंबर 2007 मध्ये मालेच्या सुलतान पार्कमध्ये स्फोट होऊन परदेशी पर्यटक जखमी झाले. मे 2021 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांच्यावर बॉम्बहल्ला झाला. पर्यटनावर जगणाऱ्या देशात दोन बॉम्ब आरमारापेक्षा जास्त नुकसान करतात. समुद्राची पातळी वाढण्याचा धोका सर्वांना माहीत आहे, त्यावर वेगळे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. इथे एवढेच सांगतो की 2004 च्या त्सुनामीत या देशाचे वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे 60 टक्के एवढे नुकसान झाले.

राहिला भारताने काय करावे हा भाग. जानेवारी 2024 मधल्या बहिष्काराच्या लाटेने काय साधले ते आकडे सांगतात: भारतीय पर्यटक 2023 मधल्या सुमारे 2 लाख 9 हजारांवरून 2024 मध्ये 1 लाख 30 हजारांवर आले, पण त्याच वर्षी मालदीवचे एकूण पर्यटक 20 लाखांच्या पुढे गेले. दबाव पडला नाही, मने मात्र दुखावली.

उलट एप्रिल 2024 मधला एक निर्णय पाहा. महाराष्ट्रातल्या कांदा उत्पादकांना तो काळ चांगला आठवत असेल, डिसेंबर 2023 पासून मेच्या सुरुवातीपर्यंत निर्यातबंदी होती आणि लासलगावात भाव पडले होते. त्याच काळात, भारतीय सैनिक माघारी पाठवणाऱ्या सरकारला भारताने 2024-25 साठी जीवनावश्यक मालाचा कोटा मंजूर केला: 35,749 टन कांदा, 21,513 टन बटाटा, 1 लाख 24 हजार टन तांदूळ, 42.75 कोटी अंडी, शिवाय बांधकामाला खडी आणि नदीची वाळू प्रत्येकी 10 लाख टन. 1981 पासूनच्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा कोटा होता. आमचा कांदा अडवून त्यांना का, असे नाशिककडच्या शेतकऱ्याने विचारले तर राग समजण्यासारखा आहे. पण 2022-23 मध्ये भारताची कांदा निर्यात सुमारे 25 लाख टन होती. त्याच्या हा कोटा दीड टक्काही नाही आणि बंदीच्या काळात तो विक्रीची एक वाटच होता. बंदी चूक की बरोबर हा वाद दिल्लीशी घालावा. मालेच्या बाजारात मात्र त्या उन्हाळ्यात, 'इंडिया आउट'च्या घोषणा ताज्या असताना, भारतातून कांदा येत राहील याची खात्री होती.